रुग्णालयाचा उंबरठा

रुग्णालय हें रुग्णांसाठीं बांधलेलें असतें, हें विधान इतकें स्वयंसिद्ध वाटतें कीं, त्याची छाननी करावी असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु एखाद्या जुन्या रुग्णालयापुढें उभें राहून त्याच्याकडे केवळ एक इमारत म्हणून पाहिलें, तर निराळेंच चित्र दिसूं लागतें. उंच जोतें, समोर आठ-दहा दगडी पायऱ्या, वजनदार दरवाजा, आंत छातीइतकें उंच मेज व त्यापलीकडे बसलेला कारकून, भिंतीवर बारीक अक्षरांत लिहिलेल्या सूचना : हें सर्व सहज पार करूं शकेल असा माणूस कोण? ज्याचे पाय धड आहेत, नजर स्वच्छ आहे, कान तिखट आहेत आणि ज्याला लिहितांवाचतां येतें, तो. म्हणजे ज्याला रुग्णालयाची गरज सर्वांत कमी, त्याच्या मापानें तें बेतलेलें असतें. कोणताही शिंपी ज्याचें कापड त्याचेंच माप घेतो. येथें कापड एकाचें आणि माप दुसऱ्याचें असा प्रकार झाला. तो कसा झाला, आणि निस्तरण्याचा यत्न कोणीं केला, ह्याचा इतिहास फार जुना नाहीं. त्यांतला बहुतेक भाग गेल्या पाऊणशें वर्षांतला आहे.

रुग्णालय कसें बांधावें ह्याचा शास्त्रशुद्ध विचार मात्र त्याआधीं शंभर वर्षें सुरू झाला होता. क्रिमियाच्या युद्धांतून परतल्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ सालीं रुग्णालयांच्या रचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळीं माणूस एका रोगासाठीं रुग्णालयांत जाई आणि दुसऱ्याच रोगानें तेथें मरे. लांबट दालनें, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, खाटांमध्यें पुरेसें अंतर, भरपूर हवा व उजेड, आणि एका परिचारिकेची नजर सर्व खाटांवर राहील अशी मांडणी, हा त्यांचा आग्रह होता. त्यानें असंख्य जीव वांचविले. तथापि ह्या रचनेंतला रुग्ण नेहमीं निजलेला असतो. त्याला कोणीतरी उचलून आणलेलें असतें, कोणीतरी उचलून नेणार असतें. तो स्वतःच्या बळावर, काठीनें किंवा चाकांच्या खुर्चीवरून, दारापाशीं येईल आणि तपासणी करून घेऊन घरीं परत जाईल, ही कल्पना त्या नकाशांत नाहीं. कारण पाठीच्या कण्याला इजा झालेला किंवा दोन्ही पाय गेलेला माणूस त्या काळीं बहुधा फार दिवस जगतच नसे.

हिंदुस्थानांत मुंबईचें सर जमशेटजी जिजीभाई रुग्णालय १८४५ सालीं व पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. तेव्हांपासून सार्वजनिक इमारत म्हटली कीं जोतें उंच, असा परिपाठच पडला. त्याला पावसाळ्याचें कारण होतें आणि तें खोटें नव्हे. परंतु पाणी आंत येऊं नये एवढ्यापुरतें जोतें आणि सरकारचा रुबाब दिसावा म्हणून चढविलेलें जोतें, ह्यांत बरेंच अंतर असतें. डोलीवाल्यांना किंवा रुग्णाला पाठुंगळीस घेणाऱ्या भावाला त्या पायऱ्यांचें कांहीं वाटलें तरी विचारतो कोण?

हा प्रश्न प्रथम युद्धानें विचारला, आणि तोही अमेरिकेंत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत वैद्यकविद्या इतकी पुढें गेली होती कीं, कमरेखालीं लुळे झालेले सैनिक जगूं लागले. इलिनॉय राज्यांत गेल्सबर्ग येथें मेयो जनरल हॉस्पिटल नांवाचें लष्करी रुग्णालय होतें. तेथें जखमींना चाकांवरून हलवावयाचें असल्यामुळें जागोजाग उतार होते आणि मार्गिका रुंद होत्या. युद्ध संपल्यावर त्याच इमारतींत १९४६ सालीं इलिनॉय विद्यापीठाची शाखा उघडली, आणि १९४८ सालीं टिमोथी न्यूजंट ह्या तरुण शिक्षकानें तेथें खुर्चीवरून वावरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं शिक्षणक्रम चालू केला. पुढल्याच वर्षीं ती शाखा बंद झाली. विद्यार्थी खुर्च्यांसकट राजधानीला जाऊन धडकले, आणि अखेर विद्यापीठाच्या मुख्य ठिकाणीं त्यांना जागा मिळाली. तेथें मात्र उतार नव्हते. मग न्यूजंट व त्यांचे विद्यार्थी मापें घेऊं लागले : किती चढ हातानें चढवतो, किती रुंद दारांतून खुर्ची जाते, बसलेल्या माणसाचा हात कोठवर पोंचतो. ह्या उद्योगांतून १९६१ सालीं अमेरिकेच्या मानक-संस्थेनें अपंगांना वापरतां येतील अशा इमारतींचें पहिलें राष्ट्रीय मानक प्रसिद्ध केलें. तें अवघें सहा पानांचें होतें.

त्या सहा पानांतलें एक गणित येथें उकलून पाहण्याजोगें आहे. एक फूट उंची चढावयाची, तर उताराची लांबी निदान बारा फूट हवी. म्हणजे तीन फूट जोत्याला छत्तीस फूट लांब उतार लागतो. दाराची मोकळी रुंदी बत्तीस इंचांहून कमी नको. हे आंकडे कोणाच्या दयेंतून आलेले नाहींत; खुर्ची ढकलणाऱ्या दंडांतून आलेले आहेत. आणि म्हणूनच पायऱ्यांच्या कडेला दहा फुटांत सिमेंट ओतून जी घसरगुंडी तयार करतात व जिला कागदोपत्रीं रॅम्प म्हणतात, ती पोतीं उतरविण्यास सोयीची असली तरी माणसाच्या कामाची नसते.

युद्धामागून पोलिओ आला. १९४० ते १९५५ ह्या काळांत अमेरिकेंत व यूरोपांत त्याच्या सांथींनीं हजारों मुलांना लुळें केलें. १९५५ सालीं साल्क यांची लस आली. पण तोंवर एक सबंध पिढी रुग्णालयांतून जाऊन बाहेर पडली होती. ह्या इतिहासांतलीं पुढचीं बहुतेक नांवें त्या पिढींतलीं आहेत.

एड रॉबर्ट्स हे त्यांपैकीं एक. चौदाव्या वर्षीं, १९५३ सालीं, त्यांना पोलिओ झाला. मानेखालचें शरीर निकामी झालें आणि श्वासासाठीं लोखंडी फुप्फुस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अवजड यंत्रांत निजावें लागूं लागलें. १९६२ सालीं ते बर्कली येथील विद्यापीठांत दाखल झाले, तेव्हां तें धूड पेलेल असें एकही वसतिगृह तेथें नव्हतें. अखेर विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयांतली एक खोली त्यांना राहावयास दिली. विद्यार्थी आजारी नव्हता, पण त्याला माववील अशी जागा रुग्णालयाखेरीज दुसरी नव्हती! पाठोपाठ तसेच आणखी विद्यार्थी तेथें आले, आणि १९७२ सालीं त्यांनीं अपंगांनीं अपंगांसाठीं चालविलेलें स्वावलंबन-केंद्र त्याच गांवांत काढलें.

दुसरे सेल्विन गोल्डस्मिथ, इंग्रज वास्तुविशारद. १९५६ सालीं शिक्षण संपतें न संपतें तोंच पोलिओनें त्यांचा उजवा हात गेला. १९६३ सालीं त्यांनीं अपंगांसाठीं बांधकाम कसें करावें ह्याविषयीं एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि मग नॉर्विच शहरांत खुर्चीवरून हिंडणाऱ्या २८४ माणसांना भेटून त्यांची अडचण प्रत्यक्ष विचारली. त्या चौकशीचें फळ म्हणून १९६७ सालीं तेथील पदपथांच्या पंधरा कडा उतरत्या करण्यांत आल्या. गंमत अशी कीं, अशा कडेवरून खुर्चीच्या मागोमाग बाबागाडी ढकलणारी आई जाते, हातगाडीवाला जातो, गुडघे धरलेला म्हाताराही जातो. पुढल्या ग्रंथांत गोल्डस्मिथ ह्याच गोष्टीवर भर देऊं लागले : वास्तूनें अडविलेला माणूस हा खरा अपंग, आणि त्या यादींत तान्हें मूल कडेवर घेतलेली स्त्रीही येते.

तिसरे रोनाल्ड मेस. ह्या विषयाला नांव त्यांनीं दिलें. नवव्या वर्षीं पोलिओ होऊन ते जवळजवळ एक वर्ष रुग्णालयांत होते. नॉर्थ कॅरोलायना राज्यांत वास्तुकला शिकतांना त्यांना सोबत्यांनीं उचलून जिने चढवावे लागत, आणि स्नानगृहाच्या दारांतून त्यांची खुर्ची जात नसे. १९६६ सालीं ते पदवीधर झाले, आणि पुढें त्या राज्याच्या बांधकाम-नियमांत अपंगांसाठींचीं कलमें घालून घेण्यांत त्यांचा मोठा हात होता. परंतु नियम करतां करतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, अपंगांसाठीं निराळें दार, निराळा संडास, निराळा मार्ग असें करीत गेलें तर इमारतीला एक मागचें दार तेवढें वाढतें. तें दार बहुधा कचऱ्याच्या पेट्यांजवळ असतें, आणि त्याला कुलूप असून किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाकडे असते. १९८५ सालीं त्यांनीं 'युनिव्हर्सल डिझाईन', म्हणजे सर्वोपयोगी रचना, असा शब्दप्रयोग पुढें आणला. मुख्य दारच असें करा कीं, तें शक्य तितक्या सर्वांना चालावें. मग वेगळ्या दाराची गरज उरत नाहीं, असा त्याचा आशय. १९९७ सालीं त्यांच्या केंद्रानें ह्या विचाराचीं सात तत्त्वें जुळवून प्रसिद्ध केलीं, आणि १९९८ सालीं मेस वारले.

त्या सातांची जंत्री येथें देण्याचें कारण नाहीं. एका उदाहरणानें काम भागेल. शस्त्रक्रियेच्या दालनांत हात धुण्याच्या नळाला लांब दांडा असतो. शल्यवैद्य तो कोपरानें फिरवितो, कारण धुतलेले हात पुन्हां कोठें लागूं नयेत. संधिवातानें बोटें वाकलेल्या म्हातारीला, एक हात लुळा असलेल्या माणसाला, हातावर पट्टी बांधलेल्या गिरणीकामगाराला अगदीं तोच नळ सोयीचा. पण रुग्णांच्या न्हाणीघरांत मात्र पिरगळून उघडावयाचा गोल नळ बसविलेला! युक्ति ठाऊक होती, घरांत होती, फक्त ती कोणासाठीं वापरावी हें ठरलेलें होतें.

युक्ति ठाऊक असणें आणि ती करावयास भाग पडणें ह्या दोन गोष्टींच्या मध्यें नेहमीं एक लढा असतो, तसा तो येथेंही झाला. १९७३ सालीं अमेरिकन कायद्यांत ५०४ क्रमांकाचें एक छोटेसें कलम आलें. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेनें केवळ अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला दूर ठेवूं नये, असें तें कलम होतें, आणि रुग्णालयें त्यांत येत होतीं. पण त्याचे नियमच चार वर्षें निघेनात. ते काढण्याचें काम आरोग्य, शिक्षण व कल्याण ह्या खात्याकडे होतें. तेव्हां ५ एप्रिल १९७७ रोजीं सान फ्रान्सिस्कोंतील त्या खात्याच्या कचेरींत अपंग स्त्रीपुरुष शिरले आणि तेथेंच बसून राहिले. जूडिथ ह्यूमन ह्या, स्वतः खुर्चीवरून वावरणाऱ्या, त्यांच्या पुढारी होत्या. सुमारें दीडशें माणसें जवळजवळ पंचवीस दिवस जमिनीवर निजलीं. त्यांत कित्येकांना रात्रीं कुशीवर वळवावयासही दुसऱ्याचा हात लागे. दूरध्वनि तोडले, तेव्हां बहिऱ्या मंडळींनीं खिडक्यांतून हातांच्या खुणांनीं बाहेर निरोप पोंचविले. ब्लॅक पँथर पक्षाच्या लोकांनीं रोज अन्न आणून दिलें. २८ एप्रिल रोजीं मंत्र्यांनीं नियमांवर सही केली. आरोग्यखात्याला आरोग्याचा हक्क समजावून देण्यासाठीं रोग्यांनींच त्याच्या कचेरींत मुक्काम ठोकावा, असा प्रसंग इतिहासांत क्वचित् सांपडेल.

ह्यापुढें १९९० सालीं अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा अमेरिकेनें केला आणि दारें एकामागून एक उघडूं लागलीं. कथा येथें संपावयास हवी होती. ती संपली नाहीं, कारण दार उघडल्यावर असें दिसून आलें कीं उंबरठा आणखी आंत सरकला आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत अमेरिकेंतील चार शहरांमधल्या २५६ तज्ज्ञ-दवाखान्यांना दूरध्वनि करून विचारण्यांत आलें कीं, स्वतः उठून मेजावर चढूं न शकणारा, खुर्चीवर असलेला एक रुग्ण आहे. त्याला तपासाल काय? ५६ दवाखान्यांनीं, म्हणजे शेंकडा २२ जणांनीं, नकार दिला. त्यांतल्या फक्त ९ जणांची अडचण इमारतीची होती. उरलेल्या ४७ जणांचें म्हणणें असें कीं, रुग्णाला खुर्चींतून तपासणीच्या मेजावर कसें घ्यावें हें त्यांना साधत नाहीं.

तपासणीचें हें मेज म्हणजे दिसावयास अगदीं निरुपद्रवी वस्तु. त्याची उंची साधारणपणें बत्तीस इंच ठेवलेली असते, कारण डॉक्टरला वांकावें लागूं नये. खुर्चीची बैठक एकोणीस इंचांच्या आसपास असते. मधले तेरा इंच हा ह्या रुग्णाचा गड आहे, आणि कित्येक वेळां तो सर होत नाहीं. मग त्याला बसल्याबसल्याच, अंगावरच्या कपड्यांनिशीं, वरवर तपासतात. पोटाची गांठ हातीं लागत नाहीं, पाठीवरचा व्रण दिसत नाहीं, स्त्रीची आंतली तपासणी राहूनच जाते. वजनाच्या कांट्यावर उभें राहतां येत नाहीं म्हणून वजन अंदाजानें लिहितात, आणि औषधाची मात्रा तर पुष्कळदां वजनावरच ठरते. येथें कायद्याचा भंग झालेला कोणाला दिसत नाहीं. दार उघडें आहे, कागद बनला आहे, रुग्ण येऊन गेला आहे. फक्त रोग सांपडलेला नाहीं.

२०१० सालच्या आरोग्यविषयक कायद्यानें अशा उपकरणांचीं मापें ठरविण्याचा आदेश दिला. मानक २०१७ सालीं निघालें. आणि मेज खालीं किती उतरावें ह्यावर आणखी सात वर्षें खल होऊन २०२४ सालीं सतरा इंच हा आंकडा कायम झाला. मेज खालवर होणारें असलें म्हणजे ठेंगण्या माणसाची, गरोदर बाईची, गुडघे दुखणाऱ्या आजोबांची सोय होतेच, शिवाय रुग्णांना उचलून कंबर मोडून घेणाऱ्या परिचारिकेचीही होते. मेस यांचें म्हणणें तरी दुसरें काय होतें?

उंबरठा नेहमीं लांकडादगडाचाच असतो असेंही नाहीं. कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत एका बहिऱ्या जोडप्याला जुळीं मुलें व्हावयाचीं होतीं, आणि तीं दिवस भरण्यापूर्वींच झालीं. रुग्णालयांत खुणांची भाषा जाणणारा दुभाषी नव्हता. एका बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले आहेत हें परिचारिकेनें आईला हातवारे करून सुचविलें. मुलें जन्मतांच तिच्यापासून दूर नेण्यांत आलीं, आणि तीं ठीक आहेत एवढी चिठ्ठी तिच्या हातीं आली. ह्या व अशाच दुसऱ्या एका बाईच्या तक्रारीवर तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं एकमतानें निर्णय दिला कीं, वैद्यकीय सेवा सर्वांना देऊं करावयाची आणि ती समजण्याचें साधन मात्र द्यावयाचें नाहीं, हा समतेचा भंग होय. सरकारनें खर्चाची सबब सांगितली होती. हिशोब काढतां ती रक्कम प्रांताच्या आरोग्यखर्चाच्या लाखांत अडीच भाग एवढीच भरली! यूरोपीय संघानें २००४ सालीं औषधाच्या वेष्टनावर त्याचें नांव ब्रेल लिपींत उठविलें पाहिजे असा दंडक घातला, तोही ह्याच मालिकेंतला. आंधळ्या माणसाला हृदयाची गोळी कोणती व झोपेची कोणती हें कळणें, ही चैन खास नव्हे.

आतां आपल्या देशाकडे वळावयाचें. मुंबईला हाजी अलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ सालीं स्थापन झाली, म्हणजे विषय आपल्याकडे अपरिचित होता असें नाहीं. कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं १९८४ सालापासून 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि त्यांच्या 'चाकाची खुर्ची' ह्या आत्मचरित्रानें मराठी वाचकांना हा शब्द आणि त्यामागचें जग, दोन्ही ओळखीचीं करून दिलीं. २०११ च्या शिरगणतींत भारतांत २ कोटि ६८ लाख अपंग नोंदले गेले. त्यांपैकीं साडेएकोणतीस लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रांत होते. त्याच वर्षीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेनें सर्वोपयोगी रचनेचीं भारतीय तत्त्वें तयार केलीं, आणि त्यांत अमेरिकन यादींत नसलेल्या दोन गोष्टी मुद्दाम घातल्या : वस्तु स्वस्त असावी आणि ती लोकांच्या रीतिभातींना धरून असावी. ही भर फार शहाणपणाची आहे. ज्या देशांत रुग्णाबरोबर चार नातलग येतात, मार्गिकेंतच पथारी पसरतात आणि म्हातारीं माणसें खुर्चीपेक्षां जमिनीवर बसणें पसंत करतात, तेथील रुग्णालय परक्या नकाशावरून उतरून घेतां येत नाहीं.

कायदा प्रथम १९९५ सालीं झाला. त्याच्या जागीं २०१६ सालीं आलेल्या कायद्यानें अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसांवर नेले, सर्वोपयोगी रचनेची व्याख्या केली, आणि पंचविसाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें कीं, सरकारीच नव्हे तर खाजगी रुग्णालयांच्याही सर्व भागांत अडथळ्यावांचून प्रवेश असला पाहिजे. 'सर्व भागांत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक्स-रेची खोली, प्रसूतिगृह, औषधांची खिडकी आणि संडास हीं सर्व त्यांत येतात. अस्तित्वांत असलेल्या सार्वजनिक इमारती, नियम निघाल्यापासून पांच वर्षांत, सुधारून घ्यावयाच्या होत्या. नियम जून २०१७ मध्यें निघाले. ती मुदत २०२२ सालीं संपली.

पण नियमांतच एक मेख होती. कायदा म्हणत होता 'केलें पाहिजे', आणि त्याखालचा पंधरावा नियम ज्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवीत होता, त्या म्हणत होत्या 'करावें, केल्यास बरें'. राजीव रतुरी ह्या दृष्टिहीन गृहस्थांनीं २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला होता. २०१७ च्या डिसेंबरांत त्यावर आदेश निघाले. ते कितपत अंमलांत आले हें पाहण्याचें काम पुढें न्यायालयानें हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठाच्या अपंगत्व-अभ्यास केंद्राकडे सोंपविलें. त्या केंद्राच्या अहवालाचें नांवच 'सर्वांचीं मापें शोधतांना' अशा अर्थाचें आहे. तो अहवाल वाचून ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें पंधरावा नियम मूळ कायद्याशीं विसंगत ठरवून रद्द केला. ज्या गोष्टींवांचून भागणारच नाहीं त्या वेगळ्या काढून, अपंग व्यक्तींशीं विचारविनिमय करून, त्यांचे बंधनकारक नियम तीन महिन्यांत करावे, असें केंद्र सरकारला सांगण्यांत आलें. आणि हे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला अडवून ठेवण्याचें व दंड करण्याचें जें हत्यार कायद्यांत आधींपासून पडून होतें, तें त्यानंतर वापरावें, असेंही त्याच निकालांत लिहिलें आहे.